चासी आधी, रंग शेवटी

चेतक, प्रीमियर पद्मिनी, मारुती ८००, मग महिंद्राची जीप आणि आता टाटा ४०७. पनवेलमध्ये राहून गाड्यांचा नाद लागला नसता तरच नवल. पुण्याचा रस्ता, पळस्प्याहून सुटणारा गोव्याचा रस्ता, न्हावाशेव्याचे कंटेनर, कळंबोलीचा पोलादबाजार, सगळं दाराशी. सध्या जुना ४०७ घोडीवर चढवलाय. जुना टेम्पो घेऊन तो दुरुस्त करून पुन्हा उभा करायचा विचार असेल, तर थोडं ऐका.

१. गाडी कितीही आवडो, आधी स्पेअर मिळतात का बघा. ४०७ बाजारात आला १९८६ साली. तेव्हा डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी असे जपान्यांशी करार करून बनवलेले देखणे टेम्पो रस्त्यावर होते. आज त्यातल्या ऑल्विन निस्सानचा एखादा भाग हवा असेल, तर भंगारवाल्याच्या विनवण्या कराव्या लागतात. ४०७ अजून बनतोय. क्लच प्लेट हायवेवरच्या कुठल्याही दुकानात मिळते, आणि ती बदलणारा मिस्त्री बाजूलाच चहा पीत असतो. पद्मिनीचे भागही मुंबईत तिची काळीपिवळी टॅक्सी धावत होती तोवर सहज मिळायचे. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली.

२. चासी. इथे घाई नको. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि वर कोकणातला पाऊस. हौद्याखाली पाणी धरून राहतं आणि लोखंड आतून खाल्लं जातं. कमानपाटे जिथे अडकवलेले असतात तिथे, आणि दोन्ही बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर, हातोडीने ठोकत जायचं. निरोगी लोखंड खणकन वाजतं. सडलेलं थप्प करतं, कधी पापुद्रा हातात येतो. खाली ताजा काळा रंग फासलेला दिसला तर तिथेच जास्त ठोका, विकणाऱ्याला राग आला तरी.

त्याच वेळी चासी नंबर तारेच्या ब्रशने साफ करा, वर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा. आकडे कागदावर उठतात. ते आरसी बुकाशी एकेक करून ताडायचे. एखादा आकडा गंजून गेला असेल, तर गाडी फुकट मिळाली तरी नको.

३. कागद. आमच्या भागातल्या जुन्या गाड्या बऱ्याचदा एमएच ०६च्या, पेणच्या नोंदणीच्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी, हेही खर्चात धरा. आणि हौदा काढून मागे झोपायची खोली बांधायची स्वप्नं बघण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. परवानगीशिवाय गाडीची मूळ रचना बदलता येत नाही.

४. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. फकफक धूर आला तर रिंगा आणि लायनर गेले. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा असेल तर घाबरू नका. बहुतेकदा एअर फिल्टर किंवा नोझल निघतं, आणि ते स्वस्तातलं काम.

५. ब्रेकवर कंजुषी नको, कारण आपल्याला घाट आहे. बोरघाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून इंजिन बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम एकदोन दाबांत संपतो, ड्रम तापलेले असतात, आणि पेडलवर उभं राहिलं तरी गाडी थांबत नाही. व्हील सिलिंडरची रबरं, लायनर, ब्रेक ऑइल, सगळं नवीन घाला. दहा वर्षांचं जुनं ऑइल बाटलीत काढून बघा, काकवीसारखं दिसतं.

६. रंग शेवटी. घरच्यांना आधी हवा असतो.

आणि एक. गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि बॉनेटला हात लावा. तुम्ही पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर चहा घ्या आणि परत या. थंड इंजिन समोर सुरू करून दाखवेल, त्याच्याशीच भावाची बोलणी करा.