डोंगराचं गवत, घरचं खत

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यातलं, मंगरूळपीर तालुक्यातलं गाव. नावातच बाजार आहे. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक इथे येतात. माल विकतात, सौदा घेतात आणि चार नव्या गोष्टी ऐकून घरी जातात.

अशीच एक नवी गोष्ट ऐकून एक शेतकरी रात्रीच्या वर्गाला आला. सोबत बायकोही होती. पाटी बाजूला ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, मोबाईलवर पाह्यलं. लव्हेंडर नावाचं फूल आहे. त्याचं तेल लई महाग जाते म्हन्ते. आपली टेकडीखालची मुरमाड जमीन पडीतच आहे. दोन बकऱ्या विकतो अन् रोपं आनतो."

बायको म्हणाली, "बकऱ्या पोरीच्या शाळेसाठी ठेवल्या आहेत. त्या गेल्या अन् रोपंही मेली, त मंग?"

गुरुजी म्हणाले, "वहिनी बरोबर बोलतात. भाऊ, आधी झाड कुठलं आहे ते पाहू. बकऱ्यांचं मागून पाहू."

लव्हेंडर कुठे येतं?

लव्हेंडर हे थंड मुलखातलं झुडूप आहे. आपल्या देशात ते जम्मूकडे, डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहच्या डोंगरांत पिकतं. 2016 साली सरकारच्या संशोधन संस्थांनी सुगंधी पिकांची मोहीम सुरू केली. तेव्हापासून तिथल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी मका सोडून लव्हेंडर लावलं. फुलं जांभळी, म्हणून लोक त्याला जांभळी क्रांती म्हणतात.

पण तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. आपल्याकडे वैशाखात जमीन तापून निघते आणि पावसाळ्यात काळ्या रानात पाणी साचतं. लव्हेंडरच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. ती सडतात. तिकडचं पीक तिकडे शोभतं.

आपलं रोशा गवत

मग आपण सुगंधी तेलाचं पीक घ्यायचंच नाही काय? घ्यावं. पण आपल्या मातीतलं घ्यावं.

रोशा गवत तुम्ही पाहिलं असेल. कोणी त्याला तिखाडी म्हणतात. पान चुरगळलं की गोड वास येतो. या गवताचं तेल फार जुन्या काळापासून निघत आलं आहे. खानदेश-निमाडच्या डोंगरांत भट्ट्या लागत. तेल मुंबईहून जहाजानं तुर्कस्तानात जाई. तिथले व्यापारी ते महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळत. आपल्या गवताला गुलाबासारखा वास आहे, म्हणून तर ही लबाडी चाले! आज हे तेल साबण आणि अत्तरं करायला लागतं.

रोशाच्या दोन जाती आहेत. मोतिया कोरड्या, उताराच्या जमिनीत चांगली येते. तिचं तेल चांगलं. सोफिया ओलसर सखल जागी वाढते. तिचं तेल हलकं. म्हणून बी घेताना मोतिया जातीचंच घ्यावं.

खत घरचंच

रोशाला एकरी सुमारे 4 टन कुजलेलं खत द्यावं. कच्चं शेण रानात टाकू नये. त्यानं वाळवी आणि हुमणी येते, तणाचं बीही येतं.

आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद आहे. तिथल्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत घालून दिली. त्यांना लोक नाडेप काका म्हणत. म्हणून हे नाडेप खत.

विटांचं टाकं बांधावं. लांबी 10 फूट, रुंदी 6 फूट, उंची 3 फूट. भिंतींत हवेसाठी छिद्रं ठेवावी. मग थर द्यावे:

1. काडीकचरा, पालापाचोळा, धसकटं. जाडी 6 इंच.
2. त्यावर 4 किलो शेण पाण्यात कालवून शिंपडावं.
3. त्यावर 50 ते 60 किलो चाळलेली कोरडी माती पसरावी. वरून थोडं पाणी मारावं.

असे थर देत टाकं काठाच्या वर दीड फूट भरावं आणि शेणमातीनं लिंपावं. पंधरा-वीस दिवसांनी ढीग खाली बसतो. तेव्हा पुन्हा भरून लिंपावं. भेगा पडू देऊ नये. ओल टिकवावी. 3 ते 4 महिन्यांत खत होतं. एका टाक्याला शेण लागतं 100 किलोच्या आत, आणि खत निघतं सुमारे 3 टन. होळीच्या सुमारास टाकं भरलं, तर मृगाच्या सुमारास खत हाती येतं.

कापणी आणि तेल

रोशाचं बी फार बारीक असतं. वाळूत मिसळून वाफ्यात टाकावं. पाऊस लागल्यावर रोपं रानात लावावी. साडेतीन-चार महिन्यांत फुलोरा येतो. तेल फुलोऱ्यात जास्त असतं. म्हणून फुलोरा उमलल्यावर आठ-दहा दिवसांनी जमिनीपासून वीतभर ठेवून गवत कापावं. पुन्हा फुटवा येतो. एकदा लावलेलं पीक चार-पाच वर्षं चालतं.

गवत भट्टीत वाफेवर उकळतात. 100 किलो ओल्या गवतातून सुमारे अर्धा किलो तेल निघतं. उरलेला चोथा वाया जात नाही. तो जळणाला होतो, नाही तर पुन्हा खताच्या टाक्यात जातो.

आधी भट्टी, मग पेरणी

शेतकरी म्हणाला, "मंग लावू काय एकरभर?"

गुरुजी म्हणाले, "तेल काढायची भट्टी जवळ आहे काय? घेणारा कोण? भट्टी दूर असेल तर गवत गाडीभाड्यातच संपेल. आधी हे विचारून या. मग 10 गुंठ्यांवर करून पाहा. चार शेजारी मिळाले तर भट्टीचा खर्च वाटून घेता येईल. आणि रोपं-बियाणं विकणारा म्हणाला की 'तेल मीच घेईन', तर लेखी घ्या. कागद वाचल्याशिवाय अंगठाही नको, सहीही नको."

बायको हसली. म्हणाली, "आता अंगठा कायले? मी वाचतो कागद. बकऱ्या घरीच राहतीन. टाकं मात्र या होळीले भरू."

एवढं लक्षात ठेवा

पीक आपल्या मातीचं. खत आपल्या घरचं. माल घेणारा आधी शोधावा. कागद वाचूनच सही करावी.

प्रश्न

1. लव्हेंडर आपल्याकडे का येत नाही?
2. मोतिया आणि सोफिया यांत फरक काय?
3. एकरी 4 टन खत लागतं. एकर म्हणजे 40 गुंठे. तर 10 गुंठ्यांना किती खत लागेल? एक टाकं पुरेल काय?
4. 10 क्विंटल गवतातून किती किलो तेल निघेल?
5. तुमच्या घरचा काडीकचरा आज कुठे जातो? चार ओळी लिहा.