तपासताना काटा सज्जन असतो

शेवगावात मी इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करतो. कापूस निघाला की खेडा खरेदीचे टेम्पो फिरायला लागतात आणि पाठोपाठ तक्रारी येतात, ‘घरी तोलला तेव्हा जास्त भरला होता.’ अशाच एका काट्याच्या लोडसेलच्या, म्हणजे वजन ओळखणाऱ्या भागाच्या, वायरीत, टेपखाली, नखाएवढं सर्किट सापडलं. रिमोटचा रिसीव्हर अन् एक रेझिस्टर. लोडसेलचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा. बटण दाबलं की रेझिस्टर त्यात जोडला जातो आणि गाठोड्यामागे ठरावीक किलो गायब. पुन्हा दाबलं की काटा सज्जन.

म्हणून आधी प्रमाणित वजन ठेवून खात्री करण्यात अर्थ नाही. तेव्हा खिशातलं बटण कोण दाबतो? भरल्या काट्यावर 20 किलोचं वजन टाकूनही भागत नाही. ठरावीक किलोच वजा होत असतील, तर आकडा बरोबर 20 नेच वाढतो. दोन-तीन गाठोडी आदल्या दिवशी दुसरीकडे तोलून खूण करा आणि मधेच कुठेतरी, काही न बोलता, काट्यावर येऊ द्या.

मुद्रांकन बघाच, इलेक्ट्रॉनिक काट्याचं ते 12 महिन्यांनी करून घ्यावं लागतं. पण काटा त्या दिवशी बरोबर होता, एवढंच त्यावरून कळतं. शिवाय सील इंडिकेटरला असतं, वायर बाहेर मोकळी.

ही युक्ती काट्यापुरतीच नाही. 2017 मध्ये लखनौच्या पेट्रोलपंपांत रिमोटच्या चिपा सापडल्या, त्याच वर्षी ठाणे पोलिसांनीही राज्यातल्या पंपांवर छापे घातले. पंपावर 5 लिटरचं माप मागायचा तुम्हाला हक्क आहे, फरक 25 मिलीपर्यंत चालतो. मात्र माप मागितलं की पंपवालाही सावध होतो. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या तर चाचणी स्वतःच ओळखून धूर आवरायच्या. ते 2015 मध्ये उघड झालं. चिपच्या आतच दडवलेलं सर्किटही असंच इशारा मिळेपर्यंत झोपून राहतं. ते शोधणारे संशयित चिपचा वीजवापर खात्रीच्या चिपशी ताडून बघतात. तुमची खूण केलेली गाठोडी तेच काम करतात.

फरक निघाला तर काटा स्वतः उघडू नका, पुरावा जाईल. फोटो काढा, तोल थांबवा, वैधमापन निरीक्षकाला बोलवा. ज्याची उचल घेतली त्याच्याशी वाकडं घेणं अवघड असतं, मला माहीत आहे. तसं असेल तर निदान उरलेला माल बाजार समितीच्या काट्यावर न्या.