पाचारण आणि प्रतीक्षा : संत तेरेझच्या आत्मकथनातील एक प्रश्न

व्रतस्थ जीवनासाठी आलेले पाचारण ईश्वराचे की आपल्याच मनाच्या ओढीचे, हे तरुण वयात ओळखावे कसे? लिझ्यूच्या संत तेरेझचे (१८७३-१८९७) आत्मकथन या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

चौदाव्या वर्षी, १८८७ मध्ये, तिने कार्मेल मठात प्रवेश मागितला. शंकेला जागा होतीच : तिच्या दोन थोरल्या बहिणी त्याच मठात होत्या, त्यांतील पौलीनला तर तिने आईच्या जागी मानले होते. मठाच्या धर्माधिकाऱ्यांनी वयाचे कारण देऊन नकार दिला, बिशपांनी निर्णय लांबणीवर टाकला, पोप तेरावे लिओ यांनीही तिला वरिष्ठांच्या निर्णयाकडेच वळविले. प्रवेश मिळाला तो एप्रिल १८८८ मध्ये.

ही केवळ अडथळ्यांची कथा नव्हे. कॅथलिक परंपरेत अंतरीच्या हाकेला चर्चच्या संमतीची जोड लागते. नकाराने अश्रू आले तरी अंतर्यामीची शांती ढळली नाही, हीच पाचारणाची खूण, असे हे आत्मकथन सुचविते. विशेष म्हणजे हे लेखनही तिने १८९५ मध्ये मठप्रमुखांच्या आज्ञेवरून आरंभिले, आणि त्या मठप्रमुख म्हणजे पौलीनच होत. येथे ‘मी’चा उच्चारदेखील आज्ञापालनातून होतो. म्हणूनच केवळ ‘वैराग्य’ या संज्ञेने या आत्मकथनाचा उलगडा होत नाही.