हातचा कुठून आला?

निफाड तालुक्यातल्या शाळांमध्ये मी पाचवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवलं. द्राक्षबागा आणि कांद्याच्या चाळी यांच्यात वाढलेली ही मुलं. सूत्र पाठ करायची, चाचणीत उतरवायची आणि सहामाही येईपर्यंत विसरायची. त्यांना स्वतःच्या डोक्याने शोधू दिलं की तीच मुलं वेगळी दिसायची. त्यातून मला जे उमगलं, ते लिहितो आहे.

१. मुलाला आधीपासून काय येतं, ते पाहावं.

दशांश अपूर्णांकांचा गुणाकार म्हटलं की सहावीतल्या एका मुलाची वही कोरी राहायची. एके दिवशी मी त्याला लिलावातला हिशेब घातला. कांदा साडेअठरा क्विंटल, भाव १४६० रुपये, पट्टी किती? फळ्याकडे न बघता तो म्हणाला, "सत्तावीस हजार दहा." कसं काढलंस म्हणून विचारलं. "सर, वीस क्विंटलचे एकोणतीस हजार दोनशे. त्यातून दीड क्विंटलचे एकवीसशे नव्वद वजा केले. आमचे आजोबा असंच करतात."

आजोबांना लहानपणी दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, पाठ होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सगळं जुन्या शाळांमध्ये रोज संध्याकाळी परवचा म्हणून म्हणवून घेत. त्यामागे कारण होतं. १९५७ मध्ये दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, आणि बाजारात पाव, अर्धा, पाऊण यांतच व्यवहार चालायचा. ते पाठांतर रोजच्या वापराचं होतं, म्हणून आजोबांच्या डोक्यात ते अजून जिवंत आहे. नातवाने दिडकी कधी पाठ केली नव्हती, पण आजोबांची युक्ती उचलली होती. मी ती युक्ती फळ्यावर मांडली आणि म्हटलं, "हाच तो गुणाकार." पुढचे काही दिवस वर्गाला शिकवायचं काम त्यानेच केलं.

२. नियम सांगण्याची घाई करू नये.

अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागायचं असेल, तर दुसरा उलटवून गुणायचा. हे पाठ करायला एक मिनिट लागतं, आणि का उलटवायचा हे दहावीपर्यंत बहुतेकांना सांगता येत नाही. मी भाकरीपासून सुरुवात करायचो. अर्धी भाकरी आहे, प्रत्येकाला चतकोर द्यायची, किती जणांना पुरेल? दोघांना. हे न शिकवता येतं. मग पाऊण भाकरी आणि प्रत्येकाला अर्धी. इथे वाद व्हायचा. कोणी म्हणायचं एकालाच, कोणी म्हणायचं एकाला आणि चतकोर उरली. उरलेली चतकोर म्हणजे एका माणसाच्या वाट्याचा अर्धा भाग, हे कोणाच्या तरी लक्षात यायचं आणि दीड हे उत्तर वर्गातूनच निघायचं. अशी पाचसहा उदाहरणं झाली की उलटवण्याचा नियम मुलंच सांगायची.

३. कापरेकरांची गंमत प्रत्येक वर्गाला दाखवावी.

डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आमच्याच जिल्ह्यात, देवळालीला, १९६२ पर्यंत शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. संख्यांशी खेळत राहणं एवढंच भांडवल. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर गेलं. देवळाली आमच्या शाळेपासून फार दूर नाही. इतक्या जवळच्या माणसाने हे केलं, हे मुलांना कळलं पाहिजे असं मला नेहमी वाटलं.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. २०१९ घेतलं तर ९२१० वजा ०१२९ म्हणजे ९०८१, पुढे ९६२१, मग ८३५२, आणि शेवटी ६१७४. तिथून पुढे जाता येत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोहोचतोच.

वर्गात प्रत्येकाची संख्या वेगळी, आणि सगळ्यांच्या वहीत शेवटी ६१७४. ज्याचं येत नाही तो स्वतःच मागे जाऊन चूक शोधतो, मला लाल शाई वापरावी लागत नाही. हातच्याच्या वजाबाक्यांचा जो सराव गृहपाठात रडतखडत होतो, तो इथे मागून घेतला जातो.

पण खरी मजा यानंतर. "तीन अंकी घेतली तर?" हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. तिथे ४९५ येतं. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने दाखवलं की तीन अंकी वजाबाकीच्या प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ असतो, आणि कडेच्या दोघांची बेरीज ९. का, हे मी सांगितलं नाही. दोन दिवसांनी तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून कारण आणलं: मोठ्या आणि लहान अंकांत जेवढा फरक, तेवढ्या पट ९९. बीजगणिताची अक्षरं त्यांनी तिथे पहिल्यांदा गरज म्हणून वापरली. दोन अंकी संख्यांचं तर वेगळंच. त्या कुठे थांबतच नाहीत, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा गोल फिरत राहतात. हे सापडलं तेव्हा वर्गात झालेला आरडाओरडा शेजारच्या वर्गापर्यंत गेला होता.

४. पाठांतराशी वैर धरू नये.

दहापर्यंतचे पाढे पाठ हवेतच. सात आठे किती हे बोटांवर मोजत बसलेल्या मुलाचं लक्ष मोजण्यात अडकतं, संख्यांमधली रचना त्याला दिसणार कशी? मात्र सतरा आणि एकोणीस पाठ नाहीत म्हणून कोणाला उभं करू नये. सतरा सक काढायला दहा सक आणि सात सक पुरतात, आणि एकोणीसचा पाढा वीसच्या पाढ्यातून निघतो.

५. उत्तर द्यावं, प्रश्न मागावा.

क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर, आकृती तुम्ही काढा. चौरस येतो, ९ बाय ४ येतो, १२ बाय ३ येतो, पाया १२ आणि उंची ६ असलेला त्रिकोण येतो. मग परिमिती काढायला सांगायची: २४, २६, ३०. क्षेत्रफळ तेच, कुंपण मात्र वाढतंय. शेतकऱ्यांच्या मुलांना यात लगेच रस येतो. एकाने रुंदी अर्धा सेंटिमीटर केली, लांबी ७२, परिमिती १४५, आणि म्हणाला, "सर, ही कितीही वाढवता येईल." असा विचार कोणत्याही स्वाध्यायाने त्याच्याकडून करून घेतला नसता.

६. पाठांतरात मागे पडणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावं. वरच्यासारखे प्रश्न आले की बऱ्याचदा तेच पुढे येतात, कारण तयार रीत हाताशी नसल्याने त्यांना वाट काढायची सवय असते.

७. उत्तरपत्रिका तपासताना रीत वेगळी म्हणून गुण कापू नयेत.

एवढं जरी झालं तरी पुष्कळ बदलेल. वर्षभर मुलांना स्वतः शोधायला लावायचं आणि परीक्षेत पुस्तकातल्या पायऱ्या नाहीत म्हणून दोन गुण कमी करायचे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. मुलं फार लवकर शिकतात की वर्गातलं बोलणं वेगळं आणि गुणांचा व्यवहार वेगळा, आणि मग पालक त्यांना गाइड आणून देतात. वीसमधून दीड वजा करणारा मुलगा माझ्या पेपरात त्याच पद्धतीने लिहून आला. कारण स्पष्ट, मांडणी नीट, उत्तर बरोबर. मी त्याला पूर्ण गुण दिले, आणि आमच्या शाळेतल्या इतर गणित शिक्षकांनीही तसंच करावं म्हणून मुख्याध्यापकांकडे आग्रह धरला.