गाडी कुणाच्या नावावर आहे?

नेवासा,
24 नोव्हेंबर

चि. पूर्वा हीस मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोललो असतो. पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" करत राहतेस आणि मला पुढचं सुचत नाही. म्हणून लिहितो. सावकाश वाच आणि तुझ्या आईला, शोभाला दाखवू नकोस.

सोमवारी मोहिनीराजाच्या देवळाबाहेर तुझ्या सावेडीच्या शेजारीणबाईंची बहीण भेटली. तिने सहज विचारलं, "पूर्वाच्या गाडीचं काम झालं का हो?" मी म्हटलं, कसलं काम? तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण नको ते बोललो. पण तोवर उशीर झाला होता. तलाठ्याची नोकरी केलेला माणूस आहे मी, समोरच्याकडून माहिती कशी काढायची ते निवृत्तीनंतरही विसरत नाही.

मला कळलं ते असं. विद्यापीठातून संध्याकाळी परत येताना देहऱ्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीने तुझी गाडी घासली. डावीकडची दोन्ही दारं चेपली, आरसा गेला. ट्रॅक्टरवाल्याकडे विम्याचा कागद नव्हता. तो म्हणाला, "ताई, काय करायचं ते करा." तू गाडी गॅरेजला लावलीस आणि पैसे पदरचे भरलेस. का, तर गाडी अजून ती विकणाऱ्या पुण्याच्या त्या माणसाच्या नावावर आहे आणि पॉलिसीही त्याच्याच नावाची.

यातलं बाकी सगळं खोटं निघालं तरी चालेल. मला एवढंच सांग, गाडी कुणाच्या नावावर आहे?

मागल्या आखाडात गाडी घेतलीस. पेढे घेऊन आलीस तेव्हाही मी हेच विचारलं होतं. तू म्हणालीस, गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या झाल्यात, एजंट करून देतोय. पूर्वा, सह्या झालेला फॉर्म एजंटाच्या ड्रॉवरमध्ये पडून असेल तर त्याची किंमत शून्य. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. नाही केली, तरी तुझ्या हातून दुसऱ्या कुणाला धक्का लागला तर थर्ड पार्टीचा भाग कायद्याने गाडीबरोबर तुझ्याकडे येतो. पण तुझ्या गाडीचं नुकसान झालं तर कंपनी सरळ विचारते, तुम्ही कोण? आणि त्या पुण्याच्या माणसालाही सुख नाही. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. उद्या तुझ्या गाडीने कुणाला लागलं तर नोटीस त्याच्या दारात जाईल. एम.एस्सी. झालेल्या पोरीला हे मी सांगावं? सातबारा न बघता जमीन घेणाऱ्यांना आपण गावात हसतो. मग ही गाडी काय वेगळी?

त्या ट्रॉलीवाल्याचं म्हणशील, तर तो एकटा नाही. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे, मलाही आहे. पण हंगाम सुरू झाला की सोनई, भेंडा, राहुरी, प्रवरा, कुठल्याही रस्त्याला लाग, पुढे दोन-दोन ट्रॉल्या. मागे ना दिवा, ना लाल पट्टी, नंबर असला तर चिखलाखाली. ट्रॅक्टरचा विमा असला तरी तो शेतीकामाचा, आणि ओढतोय भाड्याचा ऊस. ट्रॉलीची वेगळी नोंदणी आणि वेगळा विमा लागतो हे निम्म्यांच्या गावीही नसतं. मग दावा लागला की कंपनीचा वकील नेमका याच मुद्द्यावर उभा राहतो. आणि हे फक्त उसाचं नाही. देशातली निम्म्याच्या आसपास वाहनं विम्याविना पळतात, हे संसदेच्या समितीपुढेही आलेलं आहे. बिनविम्याला पहिल्यांदा पकडलं तर दंड दोन हजार, दुसऱ्यांदा चार हजार. तीन महिन्यांपर्यंत कैदही सांगितलीय, पण त्यासाठी आत गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. दीडशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचा थर्ड पार्टीचा हप्ता 714 रुपये. तेवढेही लोक भरत नाहीत, कारण पकडलं जाईपर्यंत काही बिघडत नाही.

त्या ट्रॉलीवाल्याला मी सरसकट चोरही म्हणणार नाही. ट्रॅक्टरचे हप्ते थकलेले, ऊसतोड टोळीला दिलेली उचल अडकलेली, अशात विम्याची तारीख कोण बघतो? माझ्या सज्जात असे कितीतरी होते. पण त्याची अडचण खरी असली, तरी भरपाई मागायला गेलीस तर त्याच्याकडे असतं काय?

ते मी जवळून बघितलंय. अपघाताच्या दाव्यात न्यायाधिकरणाने रक्कम ठरवली आणि गाडीला विमा नसला, तर ती मालकाने स्वतः द्यायची. त्याने नाही दिली तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. जिल्ह्यातून तहसीलला, तहसीलातून तलाठ्याकडे. म्हणजे माझ्याकडे. मी जायचो, सातबारा काढायचो. इतर हक्कात सोसायटीचा बोजा आधीच बसलेला. नाहीतर अपघातानंतर दोन महिन्यांत वाटणीचा फेरफार होऊन जमीन भावाच्या नावावर गेलेली. घरात जप्त करण्यासारखं म्हणजे एक पंखा आणि दोन शेळ्या. निरंक अहवाल लिहायचा आणि खाली सही करायची. अलीकडे बिनविम्याची गाडी तारण दिल्याशिवाय सोडायची नाही, तीन महिन्यांत तारण आलं नाही तर लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरायचे, असंही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. चांगलंच आहे. पण पंधरा वर्षांच्या टेम्पोचा लिलाव करून येणार किती?

तुझ्या आजोबांचं, दादांचं तुला माहीत आहे. लहानपणी तू त्यांच्या कुबड्या घेऊन अंगणभर पळायचीस आणि ते खाटेवरून हसायचे. पण पाय जाण्याआधीचे दादा तू पाहिले नाहीस. 1991 सालची गोष्ट, दुधाचे कॅन सायकलला लावून ते घोडेगावच्या रस्त्याने निघाले होते आणि मागून मेटॅडोर आली. तिला विमा नव्हता. पंधरा दिवसांनी तिचा मालक आपल्या ओसरीवर येऊन बसला. रुमालात चाळीस हजार होते, कुठून उभे केले होते कुणास ठाऊक. मी नुकताच तलाठी झालेला, सव्वीस वर्षांचा. कायदा कळतो अशी घमेंड. म्हणालो, "उचला ते. आता कोर्टच काय ते ठरवेल." कोर्टाने ठरवलं, चाळीस हजाराच्या दुपटीहून जास्त ठरवलं. पण तोवर पाच वर्षं गेली, मेटॅडोर भंगारात गेली आणि जमिनीला तीन नावं लागली. तिथला तलाठी माझ्याच बरोबर नोकरीला लागलेला. त्याने निरंक पाठवलं आणि मी त्याला एक शब्द बोलू शकलो नाही, मीही तेच पाठवत होतो ना दुसऱ्यांच्या घरी!

त्या सालात तुझ्या आईचा डी.एड.ला नंबर लागला होता. दवाखान्यात कोण राहणार म्हणून ती गेली नाही. पुढल्या वर्षी पैसे नव्हते. ती मला कधी बोलली नाही. तुला विद्यापीठात नोकरी लागली त्या दिवशी ती इतकी का रडली, ते मला माहीत होतं.

असो. मूळ मुद्दा सोडून कुठे गेलो.

डिसेंबरात ती पुण्याच्या माणसाची पॉलिसी संपते आणि एजंट तुला म्हणतोय, "जुनी गाडी आहे मॅडम, नुसती थर्ड पार्टी करा, 3,416 मध्ये काम होतं." हेही त्या बाईंनीच सांगितलं. त्याचं ऐकू नकोस. थर्ड पार्टी म्हणजे तुझ्यामुळे दुसऱ्याला लागलं तर त्याच्यासाठी. दुसऱ्यामुळे तुला लागलं तर त्याच्या पॉलिसीने द्यायचं. आणि त्याच्याकडे पॉलिसीच नाही, तेव्हा तुझी थर्ड पार्टी तुला एक पैसा देत नाही. अजून एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नुसत्या थर्ड पार्टीत तुझ्या गाडीत बसलेला माणूस धरला जात नाही, फुल इन्शुरन्समध्ये धरला जातो. दर गुरुवारी तुझ्या शेजारी कोण बसतं? शिर्डीला कोणाला घेऊन जातेस? मला दुसरं काही सांगायचं नाही.

तेव्हा फुल इन्शुरन्सच घे. त्यात मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, तो काढूच नकोस म्हणून सांगणारे भेटतील, ऐकू नकोस. पण तो मिळतो फक्त आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे त्याला. म्हणजे आज तुला तो नाही. कळलं मी एकच प्रश्न का उगाळतोय ते? शेजारी-मागे बसणाऱ्यांसाठी थोडे पैसे वाढवून वेगळं संरक्षण मिळतं, तेही घे. दवाखान्याचा खर्च यातलं काहीच नीट भागवत नाही, त्याला तुझा मेडिक्लेम लागेल. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं संरक्षण, सहा वर्षांच्या गाडीला काही कंपन्या देतात, काही नाही. मिळालं तर घे, कारण प्लास्टिकच्या आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे एरवी कापले जातात, आणि हल्लीच्या गाडीत प्लास्टिकशिवाय असतं काय? हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, खाली आणून ठेवतात. पाच वर्षांपुढच्या गाडीची ती कंपनीने आणि तू मिळून ठरवायची असते, तेव्हा तोंड उघड.

एनसीबीचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, मात्र मला अजून पटलेलं नाही. पुण्याच्या माणसाचा एनसीबी त्याचा त्याच्याकडे राहील, तुझा शून्यापासून सुरू होईल. वर्षभर क्लेम नसला तर वीस टक्के, असं करत पाच वर्षांनी पन्नासपर्यंत. पण बिनविम्याच्या ट्रॉलीने तुला ठोकलं, तू क्लेम केलास, की तुझी चूक नसतानाही सगळं पुन्हा शून्यावर. कंपनी तरी त्या ट्रॉलीवाल्याकडून काय वसूल करणार? ज्याने भरलं नाही त्याचा भार भरणाऱ्यावर, असंच शेवटी होतं. म्हणून लहानसहान पोचा आला तर हिशेब करून बघ, कधी पदरचे घालणं स्वस्त पडतं. मोठं असेल तर बिनदिक्कत क्लेम कर. आणि समोरचा पळून गेला, नंबर मिळाला नाही, तरी माणसाला लागलेलं असेल तर गप्प बसायचं नाही. 2022 च्या एप्रिलपासून अशा अपघातात मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज प्रांत नाहीतर तहसीलदाराकडे जातो. आधी पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. जिवाचे म्हणून मिळायचे ते!

फार बोललो. तुला वाटेल मामाने दार चेपल्याचं विचारलं, तुला लागलं का ते विचारलंच नाही. खरं सांगतो, पहिल्या ओळीपासून तेच विचारायचं होतं. लागलं का ग कुठे? खांदा, मान, काही? अंधारात, त्या रस्त्यावर, एकटी तू त्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलत उभी होतीस, हे डोळ्यांसमोर आलं की मला झोप लागत नाही. तू कुणाला फोन केला नाहीस. शोभाला नाही ते समजू शकतो, मला का नाही? मी रागावेन म्हणून? रागावलो असतोच. पण नेवाशाहून देहऱ्याला यायला मला कितीसा वेळ लागला असता?

गुरुवारी मी नगरला येतोय. सकाळच्या एसटीने तारकपूरला उतरेन. तू अर्धा दिवस रजा टाक. आधी त्या एजंटाकडे जाऊ, फॉर्म त्याच्याकडून घेऊ आणि आरटीओत आपणच जाऊ. मला रांगेत उभं राहायचा कंटाळा नाही, उलट जुने कारकून भेटतात. पुण्याच्या माणसाचा नंबर दे, मी त्याच्याशी गोड बोलतो. गाडी नावावर होईपर्यंत एसटीने जा-ये कर. विद्यापीठाच्या दाराशी गाड्या थांबतात, मी पूर्वी पुष्कळदा गेलोय.

भाऊबीजेला शोभाला घातलेली ओवाळणी तिने नेहमीप्रमाणे माझ्या खिशात परत कोंबली, "पूर्वाला काहीतरी घ्या" म्हणाली. ते पाच हजार माझ्याकडे तसेच आहेत. विम्यात घालू. तिला सांग, मामाने सीटकव्हर घेऊन दिलं.

मामी तुझ्यासाठी भाजणी देतेय आणि मेथीचे लाडू. लाडू कडू झालेत, पण तिच्यासमोर बोलू नकोस.

तुझा
मामा

ता.क. हंगाम संपेपर्यंत संध्याकाळी सहाच्या आत निघत जा. काम राहिलं तर राहू दे. आणि निघताना एक मिस्ड कॉल दे, पोचल्यावर एक. मी उचलणार नाही, तुझे पैसे जाणार नाहीत.