घाण वासाचे, गरम फूल

ग्रीसच्या क्रीट बेटावर वसंत ऋतू सरत आला, की एखाद्या ओसाड उतारावर किंवा शेताच्या बांधावर कुजलेल्या मांसाचा वास येऊ लागतो. नवखा माणूस नाक दाबून मेलेले मांजर शोधू लागतो. मांजर काही सापडत नाही. सापडते ते हातभर लांबीचे, गर्द जांभळे फूल आणि त्याच्याभोवती घोंगावणाऱ्या माश्या व भुंगेरे!

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ड्रॅकनक्युलस व्हल्गॅरिस. इंग्रजीत तिला ड्रॅगन अरम म्हणतात. ग्रीस, बाल्कन प्रदेश, एजियन समुद्रातील बेटे आणि तुर्कस्तानचा नैर्ऋत्य भाग हे तिचे माहेर. तिच्या खोडासारख्या दिसणाऱ्या दांड्यावर सापाच्या अंगावर असतात तसे ठिपके असतात. म्हणूनच तिला 'छोटा ड्रॅगन' अशा अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. आपले अळू आणि सुरण ज्या कुलातील, त्याच कुलातील ही वनस्पती आहे.

आपण ज्याला फूल म्हणतो ते खरे तर एक फूल नसून पुष्कळ फुलांचा समूह असतो. बाहेरचे जांभळे आवरण म्हणजे एक बदललेले पान. त्याला महाछद म्हणतात. त्याच्या मधोमध काळपट, लांब दांडा असतो, तो स्थूलकणिश. या दांड्याच्या तळाशी, महाछदाने केलेल्या बंदिस्त कोठडीत, खाली मादीफुले आणि त्यांच्या वर नरफुले दाटीने बसलेली असतात. दांड्याच्या वरच्या उघड्या भागावर मात्र एकही फूल नसते. मग त्याचे काम काय? ते आपण पुढे पाहू.

कंद कसा लावतात?

इतका घाण वास असूनही युरोप-अमेरिकेतील हौशी लोक ही वनस्पती बागेत मुद्दाम लावतात. तिची लागवड अवघड नाही. मात्र तिचे वेळापत्रक समजून घ्यावे लागते. भूमध्य समुद्राभोवती पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून कंद पावसाळी हिवाळ्याच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सुमारे १५ सेंटिमीटर खोल लावतात. जमीन पाण्याचा चांगला निचरा होणारी लागते. हिवाळ्याच्या अखेरीस पाने वाढू लागतात, वसंत ऋतूच्या शेवटी फूल येते आणि उन्हाळ्यात पाने सुकून कंद जमिनीखाली विश्रांती घेतो. या विश्रांतीच्या काळात पाणी साचले, तर कंद कुजतो. आपल्याकडे नेमका त्याच काळात धो धो पाऊस पडत असतो. तेव्हा महाराष्ट्रात उघड्यावर ही लागवड करण्याच्या फंदात न पडणे बरे!

तिकडचे माळी आणखी दोन गोष्टी पाळतात. कंद दार-खिडकीपासून दूर लावतात आणि त्याला हात लावताना हातमोजे घालतात. या कुलातील अनेक वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. सुरण खाजतो तो त्यांच्यामुळेच. वासाचा जोर साधारण एक दिवस टिकतो. तेवढ्या एका दिवसासाठी वैतागून कंद उपटून टाकण्याचा मोह होतो खरा. पण त्याच दिवशी तेथे एक विलक्षण गोष्ट घडत असते.

वास आणि ऊब

त्या दिवशी काळ्या दांड्याला हात लावला, तर तो कोमट लागतो. या कुलातील फुले तापतात, याची नोंद लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७८ साली अरम या वनस्पतीबाबत केली होती. ही ऊब कशासाठी, हे कळायला मात्र फार काळ जावा लागला.

आधी भौतिकशास्त्राच्या बाजूने विचार करू. वास येतो म्हणजे पदार्थाचे रेणू बाष्परूपाने आपल्या नाकापर्यंत पोहोचतात. तापमान वाढले की बाष्पीभवन वाढते. तुमच्या परिचयाच्या पाण्याचेच उदाहरण घ्या. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा संपृक्त बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे १७.५ मिलिमीटर इतका असतो. ३० अंशांना तो सुमारे ३१.८ मिलिमीटर होतो. म्हणजे तापमान केवळ १० अंशांनी वाढले आणि बाष्पदाब जवळजवळ दुप्पट झाला. वासाच्या द्रव्यांचेही असेच होते. शिवाय तापलेल्या दांड्याभोवतीची हवा हलकी होऊन वर चढते आणि वास दूरवर नेते. थोडक्यात, तो उघडा दांडा म्हणजे त्या वनस्पतीची धूपदाणी आहे!

या वासाला फसून कीटक येतात आणि तळाच्या कोठडीत अडकतात. पहिल्या दिवशी तेथील मादीफुले पक्व असतात. कीटकांनी दुसऱ्या फुलावरून आणलेले पराग त्यांना मिळतात. रात्रभर कीटक कैदेत राहतात. त्यानंतर नरफुले पराग सोडतात, वाट मोकळी होते आणि परागांनी माखलेले कीटक दुसऱ्या फुलाकडे जातात. रॉजर सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की वरचा दांडा पहिल्या दिवशी तापतो आणि रात्री नरफुले स्वतंत्रपणे उष्णता निर्माण करून कोठडीचे तापमान १८ अंशांच्या आसपास ठेवतात.

कॉर्सिका आणि सार्डिनिया या बेटांवर या वनस्पतीची एक बहीण आढळते. तिला 'मेलेल्या घोड्याचे अरम' असेच नाव पडले आहे. तिच्या वासात गंधकाची तीन संयुगे प्रमुख असल्याचे २००२ साली दाखवण्यात आले. हीच संयुगे कुजणाऱ्या मांसातूनही निघतात. माशीच्या शृंगिकेला तारा जोडून विद्युत् संकेत मोजले, तेव्हा तिचा प्रतिसाद फुलाच्या आणि मढ्याच्या वासाला सारखाच आला! माशी फसते याचे याहून चांगले प्रमाण कोणते? नुसता वास पुरत नाही, दांड्याची ऊबही माश्यांना फुलात ओढून नेते, हे २००४ सालच्या प्रयोगांतून दिसून आले.

उष्णता येते कोठून?

आपल्या पेशींतील तंतुकणिकांत अन्नाचे ऑक्सिडीकरण होते. त्यातून मिळालेल्या ऊर्जेचा बराच भाग एटीपी या रेणूंत साठवला जातो. धरणाचे पाणी टर्बाइनवरून सोडून वीज मिळवावी, तसा हा प्रकार आहे. या फुलांच्या पेशींत मात्र एक पर्यायी मार्ग उघडतो. धरणाचे पाणी टर्बाइन चुकवून सांडव्यातून सोडले तर काय होईल? वीज मिळणार नाही. पाण्याची ऊर्जा खळखळाटात खर्च होऊन अखेर तिची उष्णता होईल. येथेही तसेच होते. एटीपी फारसे तयार होत नाही. बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. भारतातही आढळणाऱ्या सॉरोमॅटम या वनस्पतीवर प्रयोग करून १९८७ साली शास्त्रज्ञांनी असे दाखवले, की या तापण्याची सूचना देणारे द्रव्य म्हणजे सॅलिसिलिक अम्ल. ताप उतरवणारी ॲस्पिरिन ज्यापासून बनवतात तेच हे अम्ल येथे फुलाला ताप चढवते!

या उष्णतेची किंमत किती? सोयीसाठी काही आकडे मानू. समजा, दांड्याचे वस्तुमान २० ग्रॅम आहे आणि त्याची विशिष्ट उष्मा पाण्याइतकीच, म्हणजे ग्रॅमला अंशामागे ४.२ ज्यूल आहे. त्याचे तापमान १० अंशांनी वाढवण्यास २० × ४.२ × १० = ८४० ज्यूल लागतील. एक ग्रॅम पिष्टाच्या ऑक्सिडीकरणातून सुमारे १७,००० ज्यूल मिळतात. म्हणजे ०.०५ ग्रॅम पिष्ट पुरे. अगदीच स्वस्त!

पण तापलेला दांडा सतत उष्णता गमावतो. ही तूट समजा अर्धा वॅट असली, तर ६ तासांत ०.५ × २१,६०० = १०,८०० ज्यूल लागतील, म्हणजेच ०.६ ग्रॅमहून अधिक पिष्ट. चहा एकदा गरम करणे सोपे. पण तो तासन् तास गरम ठेवायचा तर शेगडीवरून उतरवता येत नाही. पानांनी महिनोन् महिने उन्हात राबून जमवलेली शिल्लक वनस्पती अशी एका दिवसात खर्च करते. तो दुर्गंध म्हणजे तिची मोठी गुंतवणूक आहे.

आपल्याकडील भाऊबंद

हे पाहण्यासाठी ग्रीसला जायला नको. आपल्याकडचा सुरण त्याच कुलातला आहे. त्याचे फूल पावसाळ्याच्या तोंडावर, पाने येण्यापूर्वी, थेट जमिनीतून वर येते. तेही दुर्गंधी असते आणि तेही तापते. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते पाहिलेले असते, कारण फुलण्याआधीच कंद काढून त्याची भाजी होते. ठाणे-रायगडकडे पहिल्या पावसात बाजारात येणारी शेवळे हीदेखील सुरणाच्याच जातभाईची न उमललेली फुले.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या परसात विसरून राहिलेल्या सुरणाला फूल आले. घरच्यांनी आधी मेलेली घूस शोधली! संध्याकाळी शेजारचा नववीतला मुलगा फुलाला हात लावून म्हणाला, "सर, हे कोमट लागतंय." मी म्हणालो, "अरे, दिवसभर भिंत तापली होती, तिची ऊब असेल." तो म्हणाला, "पण सर, भिंत तर थंड आहे." मी हसून विषय बदलला. घरात तापमापी होता, पण मी तो आणला नाही. दोन दिवसांत फूल कोलमडले. पुढे ड्रॅगन अरमविषयी वाचले, तेव्हा त्या मुलाला बोलावून सांगितले, की तुझे निरीक्षण बरोबर होते आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने मोजण्याआधीच निकाल दिला. त्या कंदाला त्यानंतर अजून फूल आलेले नाही.

करून पाहा

तुमच्या परिसरात सुरणाचे फूल आले, तर हा प्रयोग शिक्षकांच्या मदतीने करा. प्रयोगशाळेतील दोन तापमापी घ्या. ताप पाहण्याचा तापमापी चालणार नाही. तो ३५ अंशांच्या खालचे तापमान दाखवत नाही. दोन्ही तापमापी आधी एकाच पाण्यात ठेवून त्यांची वाचने जुळतात का, ते पाहा. मग एकाचा फुगा फुलाच्या मधल्या भागाला टेकवा आणि दुसऱ्याचा तितक्याच जाडीच्या वाळक्या लाकडाला. लाकूड फुलाशेजारीच, तेवढ्याच सावलीत ठेवा. सूर्यास्तानंतर दर अर्ध्या तासाने दोन्ही वाचने लिहून आलेख काढा. लाकूड स्वतः उष्णता निर्माण करू शकत नाही. तेव्हा दोन आलेखांतील अंतर ही फुलाची स्वतःची कमाई. फूल कापू नका, चाखू नका आणि नंतर हात साबणाने धुवा.

फूल उमलल्याचे कळताच त्याच संध्याकाळी कामाला लागा. दुसऱ्या दिवशी कदाचित मोजायला काही उरणार नाही.