मशीनला पाणी पाजण्याआधी

लग्नसराई आणि ऊन आमच्याकडे हातात हात घालून येतात. गुलमंडीच्या आसपास, कापडाच्या दुकानांवरच्या मजल्यांत व्हिडिओ एडिटिंगचे छोटे छोटे स्टुडिओ आहेत. एप्रिल-मे महिन्यांत तिथली मशीनं रात्रंदिवस रेंडरला लागलेली असतात. नेमका तेव्हाच बाहेर पारा ४२ वर, आणि डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब. म्हणून कुणी मला विचारलं, "दादा, कस्टम वॉटर कूलिंग करायचंय, कोणते पार्ट घेऊ?" तर मी ब्लॉक-पंपाचं नाव घेतच नाही. उलट विचारतो, मे महिन्यात दुपारी तीन वाजता तुझ्या खोलीत किती तापतं? याचं उत्तर हाती नसेल तर पुढची सगळी खरेदी अंदाजपंचे.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका स्टुडिओवाल्याचं मशीन माझ्याकडे आलं. रायझन ९ ७९५०एक्स, आरटीएक्स ३०९०, एका बाजूला काच, आत रंगीत दिवे आणि गुलाबी दुधाळ पाणी. तक्रार एकच: "पंप फिरतोय, पंखे फिरतायत, तरी रेंडर अर्ध्यात गेलं की मशीन मरगळतं." बांधून देणारा कुणी दुसरा होता. त्याला बोल लावून उपयोग नाही. गिऱ्हाइकाला दिसणं हवं होतं आणि त्यानं बजेटमध्ये ते बसवून दिलं होतं.

पाणी बाटलीत काढलं तेव्हा गुलाबी कुठलं, मातकट निघालं. मग प्रोसेसरवरचा ब्लॉक उघडला. या ब्लॉकच्या तळाशी तांब्याची पट्टी असते आणि तिच्यात केसाएवढ्या बारीक खाचा कोरलेल्या असतात. पाणी त्या खाचांतूनच जायला हवं, उष्णता तिथेच उचलली जाते. इथे खाचा दिसतच नव्हत्या. वर पांढुरका बुळबुळीत थर, टूथब्रशने खरवडल्यावर त्याच्याखाली हिरवट काहीतरी. पाणी आत येत होतं, कडेकडेनं वळसा घालत होतं आणि तसंच बाहेर पडत होतं. पंप खरंच फिरत होता, तो बिचारा खोटं बोलत नव्हता.

कारण शोधायला वेळ लागला नाही. दोन्ही ब्लॉक तांब्याचे, आणि रेडिएटर ऑनलाइन मिळणारा, बिनानावाचा, ॲल्युमिनियमचा. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवले की त्यांची बॅटरीच तयार होते. पाण्यात क्षार असले की विजेला वाट मिळते आणि ॲल्युमिनियम विरघळू लागतं. ते पांढऱ्या गाळाच्या रूपात लूपभर, म्हणजे पाण्याच्या पूर्ण फेऱ्यात, फिरतं आणि सर्वांत अरुंद जागी, म्हणजे ब्लॉकच्या खाचांत, जाऊन बसतं. या मशीनमध्ये भर म्हणून दुधाळ रंगाचं कूलंट होतं. तो दुधाळपणा पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांचा असतो आणि ते कणही कालांतरानं खाली बसतात. रेडिएटर टाकाऊच झाला होता. तोंडाजवळ आतून खड्डे पडले होते.

तर पहिली गोष्ट धातूंची. तांबं, पितळ, आणि त्यांच्यावर निकेलचा मुलामा, ही मंडळी एकमेकांशी नीट नांदतात. ॲल्युमिनियम त्यांच्यात नको. संपूर्ण लूप ॲल्युमिनियमचा करायलाही हरकत नसते, तसे किट बाजारात आलेही होते. पण पुढेमागे एक पार्ट बदलायचा झाला की बाजारात मिळतो तो तांब्याचाच, आणि भांडण पुन्हा सुरू. रेडिएटर कशाचा आहे हे लोहचुंबकानं कळत नाही, कारण दोन्ही धातूंना ते चिकटत नाही. वजन बघा: तांब्या-पितळेचा रेडिएटर हातात चांगला भरतो. आणि खात्रीच करायची तर नळी जोडायच्या तोंडात, आट्यांच्या आत, टाचणीनं हलकं ओरखडा. पिवळं किंवा तांबूस चमकलं तर घ्या. पांढरं चमकलं तर परत करा. कासारी बाजारात भांडं पारखून घेणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको.

आता त्या तीन वाजताच्या खोलीकडे येऊ. वॉटर कूलिंग उष्णता नाहीशी करत नाही, इकडची तिकडे नेऊन टाकते. पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही, नेहमी काही अंश गरमच राहतं. ते किती, हे रेडिएटरवर ठरतं. माझा ठोकताळा असा: एका १२० मिलिमीटर पंख्याएवढा रेडिएटर, पंखा फार गरजवायचा नसेल तर, पाणी खोलीपेक्षा १० अंश वर असताना साधारण १०० वॅट बाहेर टाकतो. ७९५०एक्स जोरात चालला की २३० वॅटपर्यंत जातो, ३०९० चं ३५० वॅट. बेरीज ५८०. तीन पंख्यांचा एकच ३६० रेडिएटर लावला तर पाणी खोलीपेक्षा जवळजवळ २० अंश वर जाणार. खोली ४२ असेल तर पाणी ६२. बहुतेक पंप ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेले असतात. डिसेंबरात खोली २२ असते, पाणी ४२ वर थांबतं आणि बांधून देणारा म्हणतो, "बघा, एकदम मस्त." तो खोटं बोलत नाही, फक्त त्याची चाचणी डिसेंबरातली असते.

दोन्ही चिप एकदम पूर्ण ताकदीनं क्वचितच चालतात, हे खरं. तरी मी हिशेब पूर्ण बेरजेचाच धरतो आणि अशा मशीनला दोन ३६० सांगतो. कॅबिनेटही आधी नव्हे, रेडिएटर ठरल्यावर घ्यायची. जाडीसकट मापं टेपनं मोजून, पंख्यांची २५ मिलिमीटर धरून. आणि खोलीचं काय? ५८० वॅट म्हणजे लहानसा हीटरच झाला. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो. त्यातला सहावा हिस्सा तुमचं मशीनच खाणार. ज्याच्याकडे एसी नाही आणि पैसे एकाच गोष्टीला पुरणार आहेत, त्यानं आधी एसी घ्यावा असं मी तोंडावर सांगतो. काही गिऱ्हाइकं यामुळे जातात.

रेडिएटरच्या पात्या फार दाट नकोत. दाट पात्या कागदावर जास्त उष्णता टाकतात, पण त्यांना जोरकस पंखे लागतात आणि आपल्या रस्त्यावरची धूळ त्यांत नमद्यासारखी बसते. इंचाला १० ते १६ पात्या पुष्कळ झाल्या. ब्लोअरनं साफ होतील अशाच घ्या.

पंपावर लोक फार चर्चा करतात, मला तो विषय तेवढा मोठा वाटत नाही. डी५ घ्या किंवा डीडीसी. डीडीसी लहान असतो आणि जरा जास्त तापतो, म्हणून आपल्याकडे डी५ बरा. मिनिटाला एक लिटर पाणी एका अंशामागे सुमारे ७० वॅट वाहून नेतं. चार लिटर फिरलं तर ५८० वॅटला पाण्याच्या दोन टोकांत जेमतेम दोन अंशांचा फरक. म्हणजे आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड हा वाद घालायचं कारण नाही. नळ्या जशा सोप्या जातील तशा न्या. एक काम मात्र चुकवू नका. पंपाची वेग सांगणारी तार मदरबोर्डवर सीपीयू फॅनच्या जागी लावा आणि बायोसमधली इशाऱ्याची सोय चालू ठेवा, म्हणजे पंप बंद पडला तर मशीन ओरडेल. आणि पाण्यात बसणारा तापमानाचा सेन्सर घ्या. पूर्ण लूपमध्ये पैसे वसूल करणारा पार्ट तोच. पंखे प्रोसेसरच्या तापमानावर नव्हे, पाण्याच्या तापमानावर चालवायचे असतात.

नळ्यांत दिसायला देखण्या म्हणून पारदर्शक कडक नळ्या सगळ्यांना हव्या असतात. त्यांतल्या पीईटीजीच्या नळ्या घरी वाकवायला सोप्या, पण ६० अंशांच्या आसपास त्या नरमाईवर येतात आणि फिटिंगमधून निसटू शकतात. वरचा हिशेब आठवा. कडकच हव्या असतील तर ॲक्रिलिकच्या घ्या. त्या जास्त उष्णता सोसतात, पण ॲक्रिलिकला स्पिरिटचा फडका लावू नका, त्याला बारीक तडे जातात. माझ्या मशीनला काळ्या ईपीडीएम रबराच्या नळ्या आहेत. काही शोभा नाही, पण त्यांतून काही विरघळून पाण्यात येत नाही. साध्या मऊ पीव्हीसी नळ्यांतला मऊपणा गरम पाण्यात हळूहळू बाहेर येतो आणि तोही शेवटी ब्लॉकच्या खाचांतच जाऊन बसतो.

फिटिंगबद्दल जरा थांबून सांगतो, कारण हा घोळ खास आपल्या गावचा आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे हवेच्या लाइनीची, न्यूमॅटिकची, फिटिंग इथे कुठेही मिळतात, पाव इंची, चकचकीत, स्वस्त. वॉटर कूलिंगची आटीही पाव इंचाचीच. साहजिकच कुणीतरी म्हणतो, ऑनलाइनचे आठ-दहा दिवस कशाला थांबायचं? फरक असा की आपली आटी सरळ असते आणि पाणी अडवायचं काम ओ-रिंग करते. न्यूमॅटिकच्या बऱ्याच फिटिंगची आटी निमुळती असते, ती घट्ट आवळूनच बसते. ॲक्रिलिकच्या ब्लॉकमध्ये ती पान्यानं आवळली की ब्लॉकला चीर. सरळ आटी हातानं फिरवून बसली पाहिजे, शेवटी बोटांनी थोडा जोर, बस्स. नळी आणि फिटिंगचं माप आतलं-बाहेरचं दोन्ही जुळवा: १०/१३ आणि १०/१६ ही दोन मापं पाहायला सारखीच वाटतात. प्रत्येक पार्टाला दोन फिटिंग लागतात. त्यांत पाणी काढायच्या नळाची भर घाला आणि दोन-तीन जास्तीच्या मागवा. एका ओ-रिंगसाठी मशीन आठवडाभर उघडं पडलेलं मी पाहिलंय, आणि तेही वैशाखात.

ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक मागवताना कार्डाचं नुसतं "३०९०" एवढं नाव पुरत नाही. कंपनी, पूर्ण मॉडेल, शक्य असेल तर उघडलेल्या बोर्डाचा फोटो, आणि त्यावरून ब्लॉक विकणाऱ्याची यादी तपासा. एकाच नावाच्या कार्डांचे बोर्ड वेगवेगळे असतात.

पाणी. आपल्या नळाला जायकवाडीचं पाणी काही दिवसांनी एकदा येतं; मधल्या दिवसांत बोअर किंवा टँकर. यांतलं कुठलंही लूपमध्ये घालू नका. जारचं आणि आरओचं पाणी प्यायला ठीक, मशीनला नाही. त्यात क्षार उरतात. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण डब्यावर काय लिहिलंय यावर जाऊ नका. टीडीएस मीटर बुडवा, आकडा शून्याच्या जवळपास हवा. त्यात गंज आणि शेवाळ दोन्ही रोखणारं तयार कूलंट घाला, बिनरंगाचं. शुद्ध पाणी वीज वाहून नेत नाही म्हणून गळलं तरी चालेल, या भरवशावर राहू नका. धातूंतून फिरून काही दिवसांत तेही वीज वाहू लागतं.

एक कल्पना मला दर उन्हाळ्यात कुणीतरी ऐकवतो: नळी सरळ रूम कूलरच्या टाकीत सोडली तर? गणित चुकीचं नाही. कोरड्या हवेत कूलरच्या टाकीतलं पाणी खोलीपेक्षा खरंच थंड असतं. पण टाकीत पाणी सारखं उडून जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणून तर गवताच्या जाळीवर पांढरे थर चढतात. तेच थर ब्लॉकमध्ये चढणार. शिवाय शेवाळ, वाळा, डासांच्या अळ्या. थंडाव्याचा मोह एका महिन्याचा, ब्लॉक कायमचा गेला.

सुपर कॉम्प्युटरला पाणी असतं तर आपल्याला का नको, असंही विचारतात. असतंच. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म थेट द्रवाच्या स्पर्शानं थंड होतो. पण तिथे ते पाणी सांभाळायला पगारी माणसं आहेत. तुमच्याकडे तुम्हीच, आणि तुम्ही लग्नात कॅमेरा घेऊन उभे. फक्त प्रोसेसर तापत असेल आणि ग्राफिक्स कार्ड मध्यम असेल तर मोठा एअर कूलर लावा आणि विषय संपवा. कस्टम लूप त्याच्यासाठी, ज्याला दोन मोठ्या चिप तासन्‌तास चालवायच्या आहेत किंवा जो त्याच खोलीत आवाज रेकॉर्ड करतो.

भरताना टाकी, म्हणजे रिझर्व्हॉयर, लूपमध्ये वरच्या अंगाला हवी. अडकलेली हवा तिथूनच निघते. आपल्या गावातल्या मलिक अंबरच्या जुन्या नहरीवर जागोजागी उंच मनोरे बांधले ते याच कारणासाठी, पाण्याबरोबर आलेल्या हवेला वाट द्यायला. रेडिएटर बसवण्याआधी गरम डिस्टिल्ड पाण्यानं दोन-तीनदा खळखळून घ्या. कारखान्यातल्या डाखकामाचा कचरा आत राहिलेला असतो. मग फक्त पंपाला वीज द्या, बाकी मशीनला नाही, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा आणि पूर्ण एक दिवस तसंच फिरू द्या.

त्या स्टुडिओवाल्यानं शेवटी तांब्याचे दोन रेडिएटर, काळ्या नळ्या आणि बिनरंगाचं पाणी घेतलं. ब्लॉक घासून वाचले. काच त्यानं ठेवली, दिवेही ठेवले. वर्षातून एकदा पाणी बदलायचं आहे, ते चातुर्मासात करा असं त्याला सांगितलंय: मुहूर्त नसतात, काम कमी असतं, आणि एखादा पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायला आठवडा लागला तरी तुळशीच्या लग्नापर्यंत भरपूर वेळ असतो.